मुशी नदीचा महापूर : दुर्बळ वादळाची एक हकीकत

महोत्सवाच्या स्मरणिकेंत पुराची हकीकत कशाला, असें कोणी विचारील. परंतु उत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपली चाल आहे; आणि मागें पाहूं लागलें म्हणजे केवळ सुखाचेच दिवस निवडून घेतां येत नाहींत. म्हणून १९०८ सालीं हैदराबाद शहरावर गुदरलेला प्रसंग आम्ही येथें सादर करितों. मराठवाडा त्या काळीं निजामाच्या अंमलाखालीं असल्यामुळें तेथील मराठी रयतेची राजधानी हेंच शहर होतें.

वादळ म्हटलें कीं उन्मळलेलीं झाडें व उडालेलीं छपरें डोळ्यांपुढें येतात. परंतु बंगालच्या उपसागरांत उठणाऱ्या पुष्कळ वातचक्रांचा वारा बेताचाच असतो. वाऱ्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटरांवर गेल्यावांचून वेधशाळा त्यांस चक्रीवादळ म्हणत नाहीं. त्याहून दुर्बळ असतील त्यांस ती ‘अवदाब’ म्हणते. असें वातचक्र किनारा ओलांडून आंत शिरलें म्हणजे समुद्राच्या ऊबदार पाण्याचा आधार तुटतो, जमिनीच्या घर्षणानें वारा मंदावतो, आणि लोक निर्धास्त होतात. तथापि त्यांतील बाष्प लागलींच नाहींसें होत नाहीं; उलट समुद्रावरून नवें बाष्प येतच राहतें. तें वातचक्र एका ठिकाणीं रेंगाळलें, तर तें सर्व पाणी तेथेंच कोसळतें.

१९०८ च्या सप्टेंबरअखेर उपसागरावरून आलेल्या अशाच वातचक्राच्या पावसानें मुशीचें खोरें गांठलें. हैदराबाद पूर्व किनाऱ्यापासून सुमारें ३०० किलोमीटर आंत; समुद्रावरील वादळाची धास्ती तेथें कोण बाळगणार? परंतु शहराजवळच्या शमशाबाद येथें २४ तासांत १२.८ इंच व ४८ तासांत १८.९ इंच पाऊस पडला. मुशीच्या खोऱ्यांत पूर्वजांनीं बांधलेले लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांपैकीं २२१ फुटले. वरच्या तलावाचा बांध फुटला कीं त्याचा लोंढा खालच्या तलावावर आदळे, आणि अशा रीतीनें साठविलेलें पाणी पावसाच्या पाण्यास मिळून नदींत उतरलें. ज्या तलावांनीं शेतें पोसलीं होतीं, त्यांनींच त्या दिवशीं पूर वाढविला.

२८ सप्टेंबर रोजीं मुशीनें दोन्ही तीर गिळले. अफझल, मुसल्लम जंग व चादरघाट या तिन्ही पुलांची वाताहत झाली. १५७८ सालचा पुराणा पूल मात्र टिकून राहिला. मृतांची संख्या सामान्यतः १५,००० च्या आसपास धरितात. पुढें जेथें उस्मानिया रुग्णालय उभें राहिलें, त्या जागेंतील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारें दीडशें माणसांनीं प्राण वाचविले.

या अनर्थानंतर निजाम सरकारनें मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केलें. हे गृहस्थ पुण्यास स्थापत्यविद्या शिकलेले आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या सेवेंत मुरलेले; खडकवासल्याच्या धरणास १९०३ सालीं बसविलेलीं आपोआप उघडणारीं दारें त्यांच्याच कल्पनेचीं. १९०९ सालीं हैदराबादेस येऊन त्यांनीं पाऊस, तलाव व नदी यांचा हिशेब मांडिला, आणि शहराच्या वरच्या अंगास मोठे जलाशय बांधून पुराचें पाणी तेथेंच अडवावें, असा सल्ला दिला. त्यानुसार १९२० सालीं मुशीवर उस्मानसागर व १९२७ सालीं तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर हिमायतसागर हे जलाशय तयार झाले.

असो. ही गोष्ट केवळ जुनी म्हणून सोडून देतां येत नाहीं. १३ ऑक्टोबर २०२० रोजीं काकिनाड्याजवळ किनारा ओलांडलेला एक अवदाब पश्चिमेकडे सरकत असतां एका दिवसांत हैदराबादेंत सुमारें १९ सेंटिमीटर पाऊस देऊन गेला; शहरांतील कांहीं तलावांचे बांध फुटले व वस्त्यांत पाणी शिरलें. तोच अवदाब दुर्बळ होत होत मराठी मुलखांत आला. भीमेस पूर आला आणि सोलापूर, धाराशिव या भागांत हातीं आलेलें पीक पाण्याखालीं गेलें.

मोठे जलाशय बांधले गेले तरी लहान तलावांची निगा राखण्याचें काम संपत नाहीं, हें या दोन्ही प्रसंगांवरून आम्हांस दिसतें. आपल्या गांवींही तळें, बंधारा, ओढा असतोच. त्याचा सांडवा गाळानें बुजला आहे काय, ओढ्याच्या पात्रांत कोणीं भिंत घातली आहे काय, हें पावसाळ्यापूर्वीं गांवकऱ्यांनीं मिळून पाहिलें पाहिजे. आणि समुद्रावरचें वादळ दुर्बळ झालें अशी वार्ता कानीं आली, तर वारा किती हें विचारून न थांबतां पाऊस किती हेंही विचारावें. मुशीकांठच्या लोकांस तें विचारण्यास अवसर मिळाला नाहीं. आपणांस तो आहे.