पांढऱ्या ठिपक्यांचा माग

आईकडून वारेवाटे गर्भाला होणाऱ्या संसर्गाच्या खुणा आधी हाडांत सापडल्या. जन्मजात सिफिलिसमध्ये लांब हाडांची टोके बिघडतात, हे जर्मन डॉक्टर वेग्नर यांनी १८७० मध्ये मांडले. पण ते मृत बालकांची हाडे तपासून. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढे हाच बिघाड जिवंत बाळांत दिसू लागला. दोन्ही नडग्यांची वरची टोके आतल्या बाजूने कुरतडल्यासारखी दिसली, की डॉक्टरांना सिफिलिसचा दाट संशय येई.

मेंदूची गोष्ट अवघड होती. क्ष-किरणांना मेंदूचा मऊ भाग वेगळा दिसत नाही, त्यात साचलेले कॅल्शियम मात्र दिसते. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये १९३८ साली जन्मलेल्या एका मुलीला तिसऱ्या दिवसापासून झटके येऊ लागले आणि महिन्याभरात ती दगावली. वुल्फ, कॉवेन आणि पेज यांना तिच्या मेंदूत टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी सापडला. पुढच्या काही वर्षांत अशा बाळांच्या कवटीच्या एक्स-रेमधले विखुरलेले पांढरे ठिपके ही या रोगाची ओळख ठरली. गर्भाला बाधणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरस या दुसऱ्या जंतूचे ठिपके बहुधा मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेने असतात. अर्थात हा फरक पक्का नाही. निदानाला रक्ततपासणीची जोड लागतेच. रुबेलाचा धोका तर सिडनीच्या नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये नवजात बाळांच्या मोतीबिंदूंवरून ओळखला. त्यात यंत्राचा काहीच वाटा नव्हता.

हे सारे निदान जन्मानंतरचे. गरोदरपणी एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत कर्करोग जास्त आढळतो, हे ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी १९५६ पासून दाखवून दिले आणि पोटातले बाळ एक्स-रेने पाहण्याची वाट अरुंद झाली. दुसरी वाट ग्लासगोत निघाली. इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी टिपलेली गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली. सुरुवातीची चित्रे ढोबळ रेषांचीच होती. यंत्रे सुधारत गेली तसा पोटातल्या बाळाचा मेंदू, यकृताची सूज, वारेची जाडी हे सारे सोनोग्राफीत दिसू लागले.

सोनोग्राफीचा खरा कस २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लागला. काम्पिना ग्रांदे येथील अद्रियाना मेलो यांना दोन गर्भवतींच्या सोनोग्राफीत बाळांची डोकी लहान आणि मेंदूत कॅल्शियमचे ठिपके दिसले. दोघींनाही आधी अंगावर पुरळ आले होते. मेलो यांनी गर्भजल तपासणीला पाठवले. त्यात झिकाचा विषाणू निघाला. झिकाचे ठिपके प्रामुख्याने मेंदूचा करडा आणि पांढरा भाग जिथे मिळतात तिथे असतात, हे पुढे अनेक बाळांच्या स्कॅनमधून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आढळला. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या रुग्णांमध्ये गर्भवतीही होत्या. बाधित गर्भवतींच्या बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवावे, असे केंद्राने जुलैमध्ये राज्यांना कळवले. एका सोनोग्राफीने हे काम भागत नाही: संसर्गानंतर डोक्याची वाढ खुंटल्याचे दिसायला कित्येक आठवडे जातात, म्हणून तपासणी ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते.