दाण्याचा कूट आणि उसने जंतू

मुलुंडला बहिणीच्या घरात दाण्याचा कूट येत नाही. भाच्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. एकादशीला शेजारून साबुदाण्याच्या खिचडीची वाटी आली, की ती दारातूनच परत जाते. परवा तिने विचारलं, "दादा, निरोगी माणसाच्या शीमधले जंतू पोटात सोडले की अ‍ॅलर्जी जाते म्हणे. खरं का?"

मी हसलो नाही, वाचायला बसलो.

उपाय जुना आहे. चौथ्या शतकात चीनमधल्या गे होंगने जुलाबाने अत्यवस्थ झालेल्यांना विष्ठेचं पाणी पाजायला सांगितलं होतं. १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या बेन आइझमन या सर्जनने अँटिबायोटिक्सनंतर आतडं सुजलेल्या ४ रुग्णांना निरोगी विष्ठेचा एनिमा दिला. चौघेही बरे झाले.

पण हे झालं जुलाबाचं. अ‍ॅलर्जीचा धागा वेगळा आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. घरात भावंडं जास्त, विशेषतः मोठी, तर परागकणांनी नाक वाहण्याचा आजार कमी. घाटकोपरच्या चाळीत दहा जणांत वाढलेली आमची आई यावर लगेच "बघ!" म्हणाली. त्याच चाळीत कावीळ आणि टायफॉइडही होते, हे ती सोयीने विसरते.

२०१९ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी निरोगी तान्ह्या बाळांच्या पोटातले जंतू जंतुमुक्त उंदरांना दिले. त्या उंदरांना गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी झाली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत एकाच दात्याच्या विष्ठेतून दोन रुग्णांना औषधांना न जुमानणारा ई-कोलाय गेला. एकाचा मृत्यू झाला. बोस्टनला शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवर या जंतूंच्या गोठवलेल्या कॅप्सूल देऊन पाहिल्या, पण मोजक्या प्रौढांना.

"मग आपले बाबा चालतील का? रोज मूठभर दाणे खातात," ती म्हणाली.

उत्तर पुण्यात सापडलं. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एका छताखाली तीन पिढ्या राहणाऱ्या दोन कुटुंबांचे नमुने तपासले होते. घर एकच, तरी आजोबा आणि नातवाच्या पोटातल्या जंतूंचं प्रमाण वेगळं निघालं. मी तिला म्हटलं, "बाबा नकोत. घरी तर काहीच नको. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन दप्तरात आहे ना, तेवढं बघ."

बाबा तेव्हा आमच्या अंधेरीच्या घरात शेंगा सोलत होते. रविवारी भाचा यायचा होता. मी टरफलं झाडून घेतली आणि लादी दोनदा पुसली.