केडगाव, डिसेंबर 1921

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी तुम्हांला केडगावला उतरवून पुढे जाते. साल 1921, महिना डिसेंबर. रुळांपलीकडच्या रानात शाळू पोटऱ्यात आलाय. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची वाट इथं पोरासोरांनाही ठाऊक आहे.

आवारात शिरलात की आधी छापखान्यात डोकवा. शाईचा वास नाकात भरतो. छपाईचे खिळे जुळवायला उभ्या आहेत त्या बायका. एकीचे हात बघा. डाव्या हातात खिळे लावायची स्टिक, उजवा हात खणांवर भिरभिरतोय. खणाकडे ती बघतसुद्धा नाही. क कुठं नि वेलांटी कुठं, हे बोटांना पाठ आहे. अक्षर उलटं, तरी ती ओळ सरळ वाचते. पलीकडे हिब्रू आणि ग्रीक खिळेही आहेत. यांतल्या कितीतरी जणी 1897 आणि 1900च्या दुष्काळांत हाडांचे सापळे होऊन इथं आल्या. रमाबाईंनी त्यांना उचलून आणलं. दुष्काळ काय असतो हे बाईंना कुणी सांगायला नको. त्यांचे आईवडील 1870च्या दशकातल्या उपासमारीतच गेले.

आता बाईंच्या खोलीत चला. अंगावर पांढरं लुगडं, वय त्रेसष्ट. तुम्ही नमस्कार म्हणता, पण त्यांना ऐकू येत नाही. तरुणपणी वैद्यकी शिकायला त्या इंग्लंडला गेल्या, आणि कानांच्या दुखण्यापायी तो बेत सोडावा लागला. यंदा 24 जुलैला त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. मुक्तीचा कारभार तिच्याच हाती द्यायचा होता. आज समोर बायबलची मुद्रितं पडली आहेत. खेड्यातल्या बाईलाही समजावं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत त्यांनी केलेलं हे भाषांतर.

तुमच्या मनात येतं, बाईंनी एवढ्या प्रार्थना केल्या, मग देवानं ऐकलं तरी काय? कान सुधारले नाहीत, लेक वाचली नाही. बायबलमधल्या पौलानंही शरीरातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं होतं. काटा राहिला, आणि तो घेऊनच चालण्याचं बळ मिळत गेलं. बाईंना मिळालेलं बळ त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यावर शोधू नका. मघाच्या छापखान्यात ते तुम्ही पाहून आलात. उपाशी पोरींना त्यांनी आधार दिला, आणि आता त्याच पोरींच्या हातांवर बाईंचं काम चाललंय.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. 5 एप्रिल 1922ला रमाबाई गेल्या. 1924 साली त्यांचं संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. आधी अंगात ताकद येऊ दे, मग काम हाती घेऊ, असं म्हणत बाई थांबल्या असत्या, तर त्यातली पहिली ओळसुद्धा जुळली नसती.