ऐकलेल्या पुस्तकाची साक्ष : पेण-रोह्याच्या निमित्ताने

पेण तालुक्यातील हमरापूर-जोहे परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत ज्येष्ठ-आषाढात हातांना उसंत नसते. कान मात्र मोकळे असतात. पूर्वी तेथे रेडिओ वाजत असे, आता मोबाइल वाजतो. एका आषाढात आम्ही अशाच एका कारखान्यात बसलो असता, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे एक कारागीर शिवकालावरील एक ऑडिओबुक ऐकत होते. प्रसंग ऐन रंगात आला होता, अभिवाचकाचा आवाज भरून आला होता, पार्श्वभूमीला तुतारीही होती. प्रकरण संपले तसे त्यांनी हातातला कुंचला बाजूला ठेवला आणि आम्हांस विचारले, की हे सारे पुस्तकात आहे, की वाचणाऱ्याने काही पदरचे घातले?

ते पुस्तक आम्ही वाचलेले होते, तरी उत्तर देता आले नाही. घरी येऊन छापील प्रत काढली. ज्या वाक्याने त्या गृहस्थांना प्रश्न पडला त्यावर तळटिपेचा आकडा होता, आणि तळटिपेत लेखकाने स्वतःच त्या प्रसंगाच्या सत्यतेविषयी शंका नोंदवली होती. ध्वनिमुद्रणात वाक्य आले, शंका गळाली. वाचणाऱ्याने पदरचे काहीच घातले नव्हते. लेखकाचा संशय तेवढा बाहेर राहिला होता.

इतिहास, धर्म, राजकारण, अर्थकारण या विषयांवरील श्राव्य पुस्तकांची समीक्षा कशी करावी, हा प्रश्न आम्हांला तेव्हापासून छळतो आहे. अशा पुस्तकांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा आवाजाविषयी असते : उच्चार स्पष्ट आहेत, गती योग्य आहे, आवाज गोड आहे. कथा-कादंबरीच्या बाबतीत एवढ्याने कदाचित भागेल. वैचारिक गद्याच्या बाबतीत भागणार नाही, कारण तेथे वाक्याइतकाच वाक्याचा पुरावाही पुस्तकाचा भाग असतो.

बोलत्या पुस्तकाचा जन्म मोठ्या गरजेतून झाला. अमेरिकेत १९३४ साली आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली अंध वाचकांसाठी तबकड्यांवर पुस्तके येऊ लागली. २००५ साली स्वामित्वहक्कमुक्त पुस्तके स्वयंसेवकांकडून वाचून घेणारी लिब्रिवॉक्स ही चळवळ उभी राहिली, आणि २०१७ साली स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली ती मराठीसह. मात्र बोललेले वैचारिक गद्य आपल्याला नवे नाही. पेण आणि रोहा एवढा टापू घेतला तरी त्याचा एक छोटा इतिहास हाती लागतो. विनोबा भावे पेण तालुक्यातील गागोद्याचे. चिंतामणराव देशमुख जन्माने महाडजवळच्या नाते गावचे, पण त्यांचे बालपण रोह्याचे. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म रोह्याचा. तिघांनाही रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला : अनुक्रमे १९५८, १९५९ आणि १९९६ साली. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की तिघांचेही शब्द आधी ऐकले गेले आणि मग टिकले; पण टिकण्याची रीत प्रत्येकाची वेगळी.

विनोबांची 'गीता प्रवचने' घेऊ. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात अठरा रविवारी अठरा अध्यायांवर ही प्रवचने झाली. श्रोते सहबंदी होते. त्यांतल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्या वेळी ध्वनिमुद्रण नव्हते. म्हणजे आज आपण हे पुस्तक ऐकतो तेव्हा वाणीतून लेखणीत, लेखणीतून छपाईत आणि छपाईतून पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या वाणीत आलेला मजकूर ऐकत असतो. विनोबांचा आवाज त्यात नाही, आणि साने गुरुजींचा कानही ऐकू येत नाही. तरी प्रत्येक वाक्य त्या कानावरून गेलेले आहे. अभिवाचन कितीही प्रासादिक असले, तरी आरंभी एवढी वंशावळ सांगितली नाही तर श्रोता अभिवाचकालाच विनोबा समजून बसतो.

दुसरा मुद्दा कालाचा. दोन अध्यायांच्या मध्ये सात दिवस होते. कर्म आणि विकर्म यांतला भेद एका रविवारी ऐकावा, आठवडाभर तुरुंगातली कामे करताना तो घोळवावा आणि पुढच्या रविवारी संन्यासाकडे वळावे, अशी ती रचना होती. ती मध्यंतरे मजकुराइतकीच महत्त्वाची. आज तीच अठरा प्रवचने दीडपट गतीने दोन-तीन प्रवासांत संपवता येतात. संपतात, पण पचतात का? समीक्षकाने हेही विचारावे, की हे पुस्तक किती दमात ऐकण्यासाठी बोलले गेले होते.

चिंतामणरावांकडे वळले की प्रश्न बदलतो. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० ते १९५६ या काळात अर्थमंत्री होते. अर्थसंकल्पाचे भाषण हा अर्थशास्त्रीय गद्याचा ऐकण्यासाठी रचलेला नमुनाच. पण ते भाषण कधी एकटे येत नाही. सोबत छापील विवरणपत्रे असतात, आणि ऐकणारा आकडे डोळ्यांनी पडताळतो. ही जोड श्राव्य पुस्तकांत बहुधा तुटते. त्यातून मराठीची अडचण वेगळीच. आपल्या भाषेत शंभरापर्यंतची बहुतेक प्रत्येक संख्या स्वतंत्र शब्द म्हणून पाठ करावी लागते. 'एकोणऐंशी' आणि 'एकोणनव्वद' धावत्या आवाजात कानाला सारखेच लागतात. म्हणून काही अभिवाचक इंग्रजी आकडे वापरतात, काही ओघात वाचून मोकळे होतात. दोन्हींत तक्ता मरतो. आकडा सावकाश वाचणे, महत्त्वाचा आकडा दोनदा सांगणे आणि तक्ते वेगळे उपलब्ध करून देणे, एवढे जेथे नाही तेथे अर्थशास्त्राचे पुस्तक श्राव्य झाले असे म्हणू नये. त्यातली मते तेवढी श्राव्य झाली.

राजकारणाचा धडाही चिंतामणरावांच्याच चरित्रात आहे. १९५२ साली ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले होते. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे. मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवण्याच्या निर्णयावरून त्यांनी राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत त्यासंबंधी निवेदन केले. तेही बोललेलेच गद्य. पण ज्या सभागृहात ते बोलले गेले तेथेच त्याला उत्तर देता येत होते, आणि दोन्ही बाजू कार्यवृत्तात छापल्या जात होत्या. श्राव्य पुस्तकातला राजकीय लेखक सलग दहा तास बोलतो, मध्ये कुणी हरकत घेत नाही. छापील पानावर आपण निदान समासात प्रश्नचिन्ह काढतो; कानात आवाज चालू असताना तेवढेही होत नाही.

पांडुरंगशास्त्र्यांच्या बाबतीत उतरवून घेणारा मधला हातच उरत नाही. वडिलांनी १९२६ साली मुंबईत माधवबागेत सुरू केलेल्या गीता पाठशाळेत त्यांनी प्रवचने केली, आणि पुढे ध्वनिचित्रफितींद्वारे ती दूरदूरच्या स्वाध्याय केंद्रांत पोहोचली. येथे आवाज वक्त्याचा स्वतःचा. पदरचे कोणी घातले, हा प्रश्न मिटतो. शिवाय हे श्रवण सामूहिक. ऐकून झाल्यावर शेजाऱ्याशी बोलता येते. पण असे कोणतेही ध्वनिमुद्रण अभ्यासासाठी हाती घ्यायचे तर ते कोणत्या साली, कोणासमोर झाले, हे कळले पाहिजे. तारीख नसलेला आवाज नेहमी आत्ताच बोलतो आहे असे वाटते. पुस्तकाला जसे मुद्रणपृष्ठ, तशी ध्वनीला तारीख.

राहता राहिला इतिहास, म्हणजे पुन्हा कारखान्यातला प्रश्न. सभासदाची बखर १६९७च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली. तिचे गद्य मोठ्याने वाचून पाहावे, कानाला किती सहज लागते ते कळेल. याउलट राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ऐकून पाहावीत : गहाळ शब्द, अनिश्चित मित्या, संपादकाची टिप्पणी. कान कंटाळतो. म्हणून श्राव्य माध्यमात बखर जिंकते आणि साधने हरतात. आणि अभ्यासकाचे पुस्तकही आवाजात शिरले की नकळत बखरीसारखे होऊ लागते. हा दोष आवाजाचा नव्हे. कीर्तनकार पूर्वरंगातला सिद्धान्त आणि उत्तररंगातले आख्यान यांत फरक ठेवतो, आणि श्रोत्यालाही तो ठाऊक असतो. अवतरण कोठे सुरू झाले, कोठे संपले, अनुमान कोणते आणि नोंद कोणती, हे आवाज उतरवून, क्षणभर थांबून दाखवता येते. तळटीपही वाचता येते. प्रश्न इच्छेचा आहे.

आम्ही श्राव्य पुस्तकांच्या विरोधात नाही. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात रिकामे नाहीत, त्यांच्यापर्यंत पुस्तक जात असेल तर त्याला नाके मुरडण्याचा अधिकार आम्हां शिक्षकांना नाही. उलट त्यांना उणे पुस्तक मिळू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. विद्यार्थ्यांना आम्ही आता असे सांगतो : ऐकलेल्या पुस्तकाचे परीक्षण लिहायचे तर एक प्रकरण छापील प्रत समोर ठेवून ऐका आणि काय गळाले याची यादी करा. आवाजाविषयी त्यानंतर लिहा.

त्या कारागिरांना आम्ही पुढच्या खेपेस तळटीप वाचून दाखवली. ते ऐकून घेऊन म्हणाले, की लेखकालाच खात्री नव्हती तर तसे सांगायला काय हरकत होती. प्रसंग ऐकायला त्यांना तरीही आवडलाच असता. आम्हांला वाटते, श्रोत्याला शंका पेलणार नाही असे गृहीत धरून जी पुस्तके ध्वनिमुद्रित होतात, त्यांच्या निर्मात्यांनी एकदा हमरापुरात जाऊन यावे.