पाम कुल : झाडे मोजली, वजनाचे काय?

न्युरेम्बर्ग : नारळ, सुपारी, ताड, शिंदी आणि वेत ही सारी एकाच कुलातली भावंडे. शास्त्रीय भाषेत या कुलाला अ‍ॅरेकेसी म्हणतात. या नावाचे मूळ सुपारीच्या मल्याळम नावात आहे. ते पोर्तुगीजांमार्फत युरोपात पोहोचले. कुलात सुमारे 180 प्रजाती आणि अडीच हजारांहून अधिक जाती असून त्यांतील बहुतांश उष्ण कटिबंधात आढळतात.

या कुलाच्या अभ्यासाचा पाया घालणारे कार्ल फ्रीडरिश फिलिप फॉन मार्टिउस यांचा जन्म 1794 मध्ये न्युरेम्बर्गशेजारच्या एर्लांगेनचा. 1817 ते 1820 या काळात ते याच परिसरातील होखश्टाटचे प्राणिशास्त्रज्ञ योहान बाप्टिस्ट फॉन स्पिक्स यांच्यासह ब्राझीलमध्ये फिरले. त्यानंतर 1823 पासून त्यांचा पाम कुलावरील त्रिखंडी सचित्र ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. युटर्पी प्रिकेटोरिया हे नाव मार्टिउस यांनीच दिलेले. 2013 मधील एका व्यापक गणनेनुसार अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील अंदाजे 390 अब्ज वृक्षांमध्ये सर्वाधिक संख्या याच जातीची, म्हणजे सुमारे पाच अब्ज आहे! तेथील अंदाजे 16 हजार वृक्षजातींपैकी केवळ 227 जातींनी निम्मे वन व्यापले आहे आणि त्यांत पामांचा वाटा लक्षणीय आहे.

संख्येवरून जैवभार मात्र ठरत नाही. युटर्पीचे खोड सडपातळ असते, तर ब्राझील नटचा एकच जुना वृक्ष अशा अनेक पामांना वजनात भारी पडतो. खरी अडचण मोजमापाची आहे. वनातील कार्बनसाठा काढताना जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवरील खोडाचा व्यास घेऊन तो सूत्रात घालण्याची रीत आहे. आंबा, साग यांसारख्या झाडांना ती लागू पडते, कारण त्यांचे खोड वर्षानुवर्षे रुंदावते. पामात तशी वाढ घडवणारा ऊतिस्तर नसतो. झाड उंच होते, पण जाडी जवळपास तीच राहते. शिवाय खोडाचा बाहेरील भाग टणक, आतला मऊ, आणि वयाबरोबर ही घनताही वाढते. म्हणून व्यास सारखा असला तरी दोन पामांच्या वजनात मोठा फरक पडू शकतो. पेरूमधील पामांवरून 2013 मध्ये मांडलेल्या सूत्रांत खोडाच्या उंचीला प्राधान्य मिळाले, ते यामुळेच. कार्बनसाठ्यावर आर्थिक मोबदला ठरू लागलेल्या काळात हा केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांचा वाद राहत नाही.

आशियातील चित्र वेगळे आहे. येथील जातिवैविध्याचा मोठा भाग वेतांचा. कॅलॅमस ही कुलातील सर्वांत मोठी प्रजाती असून तिच्या अनेक जाती वेलींसारख्या चढतात. दहा सेंटिमीटरहून कमी जाडीची खोडे वगळण्याची पद्धत पाळली, तर हे वेत नोंदीतच येत नाहीत.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीतील सदाहरित रानांवर अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे राज्य आहे. पाम तेथे तुरळक. भेरली माड त्यांतला ठळक. तो आयुष्यभर खोडात पिष्ट साठवतो, मग शेंड्याकडून खाली क्रमाने फुलोरे काढत तो साठा खर्ची घालतो आणि अखेर मरतो. फुलण्याआधीच्या आणि फुलून गेलेल्या माडाचा घेर सारखाच असतो, पण आतला ऐवज सारखा नसतो. गणनेच्या तक्त्यात मात्र दोघांपुढे एकच आकडा पडतो.