पटाशीची धार : किती अंशांची, किती काळाची?

१/ धार पातळ केली की काप गुळगुळीत येतो, पण ती लवकर मोडते. धार जाड ठेवली की टिकते, पण लाकडात सहज शिरत नाही. सुताराच्या पटाशीचा हा पेच फार जुना आहे. इंग्लंडमध्ये तो कसा हाताळला गेला, त्याचा हा इतिहास.

२/ जोसेफ मॉक्सन हा लंडनचा मुद्रक आणि नकाशे व पृथ्वीगोल बनवणारा कारागीर. १६७८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याच सुमारास त्याने लोहार, सुतार आदींच्या कसबांवर ‘मेकॅनिक एक्सरसायझेस’ हे पुस्तक भागाभागांनी छापण्यास आरंभ केला. तोवर हाताला ठाऊक असलेली गोष्ट त्याने आकड्यांत मांडली : मऊ लाकडासाठी धारेचा उतार सुमारे १२ अंशांचा, कठीण लाकडासाठी १८ ते २०.

३/ आज पटाशीला सामान्यतः २५ ते ३० अंश सांगितले जातात. त्या मानाने मॉक्सनचे आकडे लहान वाटतात. मात्र दगडी चाकावर काढलेला उतार आणि प्रत्यक्ष कापणारी धार नेहमी एकच नसते. निसण्यावर घासताना हात किंचित उचलला, तरी टोकाशी काही अंश वाढतात.

४/ कोनाला मर्यादा घालते ते पोलाद. त्या काळी लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीत बंदिस्त करून कित्येक दिवस तापवीत. कार्बन बाहेरून आत झिरपे. त्यामुळे पृष्ठभाग कठीण, गाभा मऊ. घडी घालून पुन्हा ठोकले, तरी हा विषमपणा पुरता जात नसे. पातळ धार नेमकी अशाच कच्च्या जागी दगा देई.

५/ पोलाद महागही होते. म्हणून पटाशीचे अंग मऊ लोखंडाचे आणि धारेच्या बाजूस पोलादाचा पातळ थर, अशी जोडणी असे. लोखंड मोगरीचे घाव सोशी, पोलाद धार धरी.

६/ डॉनकास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी एकजिनसी पोलाद हवे होते. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ त्याने ते मातीच्या मुशीत पूर्ण वितळवून ओतले. वितळल्यावर कार्बन सर्वत्र सारखा पसरला.

७/ शेफील्डच्या कारागिरांनी ‘फार कठीण’ म्हणून हे पोलाद नाकारले. हंट्समनने ते फ्रान्सला विकले. त्या पोलादाची फ्रेंच पाती स्पर्धेस उतरली, तेव्हा त्याच कारागिरांना ते स्वीकारावे लागले.

८/ पुढे शेफील्डच्या पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ ही अक्षरे अभिमानाने उमटू लागली. पेच मात्र सुटला नाही. त्याची सीमा तेवढी सरकली. चांगल्या पोलादाची धारही चाकावर घाईने तापवली, तर तिचे पाणी उतरतेच. किती अंश ठेवायचे, हा निर्णय अखेर लाकूड पाहून सुतारालाच घ्यावा लागे.