वारली चित्रात 'लांब' कसं दिसतं?

आजचा भाग डहाणूचा. रानशेत, गंजाड या पट्ट्यातल्या भिंतींचा.

'वारली चित्र छान असतं, पण सपाट. त्यात खोली नाही.' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पण खोली म्हणजे नेमकं काय?

कागद सपाट असतो, जग नसतं. यावर इटलीत एक तोड निघाली आणि १४३५ मध्ये आल्बेर्तीनं ती लिहून काढली. बघणारा एका जागी उभा. लांबचं ते लहान. समांतर रेषा दूरवर एका बिंदूत मिळतात. रेल्वेचे रूळ आठवा. पुढे १८५७ मध्ये मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि हीच युरोपीय रीत तिथे शिकवली गेली. हळूहळू 'खरं चित्र' म्हणजे हेच, असं आपल्या डोक्यात बसलं.

डहाणूत मात्र वेगळाच हिशोब होता. कुडाची भिंत, शेणामातीचं सारवण, वर गेरू. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूच्या काडीनं लग्नाचा चौक काढायचा. हे काम सवाशिणींचं. चौकात मधोमध पालघट देवी, ती मोठी. जवळ आहे म्हणून नाही, मान तिचा आहे म्हणून!

आता तारपा नाच बघा. गोल काढलाय वरून पाहिल्यासारखा, पण नाचणारी माणसं बाजूनं दिसतात. चूक आहे का ही? एका जागी उभं राहून काढलं असतं तर गोल चपटा झाला असता आणि पुढच्यांमागे मागचे झाकले गेले असते. इथे कुणीच कुणाच्या आड जात नाही. बघणारा जणू फिरत फिरत बघतो.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद घेऊन या भागात आले. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे हे बायकांचं समजलं जाणारं काम रोज करू लागले. त्यांचं मासेमारीचं जाळं बघाच. सावली नाही, छटा नाही, फक्त बारीक पांढऱ्या रेषा. कुठे दाट, कुठे विरळ. तेवढ्यानं जाळं फुगतं, पाणी हलतं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसचं मोठं प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

म्हणजे खोली जमली नाही म्हणून वारली चित्र सपाट राहिलं, असं नाही. त्याला काय दाखवायचंय तेच वेगळं आहे. 'सपाट' म्हणून हसलो, की सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली बघण्याची एक अख्खी रीत आपण 'अडाणी' ठरवतो.

आता कपवर, कुर्त्यावर तारपा नाच दिसला की एक करा: त्यातला कोण कुणाच्या मागे झाकला गेलाय, ते शोधा. सापडला तर कळवा! भेटू पुढच्या भागात.